सरांचं खातं

आमच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या ऑफिसमध्ये लोखंडी कपाटाशेजारी एक सर्व्हर आहे, साधाच, टॉवर टाइपचा, वर विंडोजऐवजी उबुंटू टाकलेलं, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. नऊ वर्षं त्याला एकाच माणसाचा हात लागला आणि त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, मालकसुद्धा. मी तिथे लागले ती बिलं आणि पॅकिंग लिस्ट टाइप करायला, बीकॉम झालेली, कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि एक्सेल. म्हसरूळहून दिंडोरी रोडने रोज जायचं, सीझनला घरी यायला रात्रीचे दहा वाजायचे. सर रिटायर होऊन निफाडकडे आपल्या गावी गेले तेव्हा मालक म्हणाले, आता सर्व्हरचं तूच बघ, सरांच्या शेजारी बसून बसून तुला बऱ्यापैकी कळायला लागलंय. जाताना सरांनी मला सुडोचा, म्हणजे सर्व्हरवर काहीही बदलायचा, अधिकार दिला, दोन पानांवर कमांड लिहून दिल्या, आणि अडलं तर फोन कर म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये, ऐन सीझनमध्ये, खरेदीदाराच्या ऑडिटला एक मुद्दा निघाला. सोडून गेलेल्या माणसाचं खातं सिस्टीमवर अजून चालू कसं? मुद्दा बरोबर होता. मी त्याच दिवशी संध्याकाळी बसले आणि कमांड दिली, सुडो, मग डेलयूजर, मग होम फोल्डरपण काढ असं सांगणारा ऑप्शन, मग सरांचं नाव, एंटर. स्क्रीनवर चार-पाच ओळी भराभर वर सरकल्या. त्यातली एक ओळ होती, रिमूव्हिंग क्रॉनटॅब. ती मी वाचली, हे मला आजही नीट आठवतंय. वाचली, पण ती मला काहीतरी सांगतेय असं वाटलं नाही, कारण क्रॉनटॅब म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं.

आता द्राक्षाचं थोडं सांगायला पाहिजे. एक्सपोर्टचा माल बागेतून आला की सॉर्टिंग, पॅकिंग, मग प्रीकूलिंग, तिथे मण्याच्या गराचं तापमान चार डिग्रीच्या खाली आणायचं आणि मग कोल्ड रूममध्ये शून्य ते एकच्या आसपास धरून ठेवायचं, कंटेनर न्हावा शेव्याला निघेपर्यंत. घड तोडल्यापासून त्याचं आयुष्य मोजलेलं असतं आणि ते लांबवायचा सगळा खेळ या तापमानावर चालतो. म्हणून दोन्ही कोल्ड रूममध्ये लॉगर लावलेत, ते दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहितात. पण आमच्या लॉगरमध्ये सात दिवसांचीच जागा आहे, आठव्या दिवशी तो पहिला दिवस पुसून त्यावर लिहायला लागतो. रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडची फाइल, उठायची, लॉगरची फाइल उचलायची, तारखेच्या नावाने ठेवून द्यायची. ती स्क्रिप्ट सरांच्या होम फोल्डरमध्ये होती आणि तिला उठवणारी ओळ सरांच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे कुठलं काम किती वाजता चालवायचं त्या यादीत. दोन्ही मी एका एंटरला घालवल्या होत्या.

कळलं सतरा दिवसांनी. एका कंटेनरचं तापमानाचं रेकॉर्ड मागितलं गेलं, मी फोल्डर उघडलं तर शेवटची फाइल मी सरांचं खातं काढलं त्या दिवसाची. लॉगरमध्ये शेवटचे सात दिवस मिळाले. मधले दहा दिवस कुठेच नव्हते. सतरा रात्री काम झालं नाही आणि एकदाही कुठे लाल अक्षर आलं नाही, काही वाजलं नाही, कुणी ओरडलं नाही. मला सगळ्यात जास्त कशाने हललं असेल तर या शांततेने.

ते दहा दिवस परत मिळाले ते कोल्ड रूमच्या मामांमुळे. मामा रात्रपाळीचे ऑपरेटर, पासष्टीला आलेले. लॉगर लावले तेव्हा त्यांना सांगितलं होतं की आता लिहायची गरज नाही, तरी मामांनी रजिस्टर सोडलं नाही आणि दिवसपाळीच्या पोरालापण सोडू दिलं नाही. दर दोन तासांनी दाराजवळच्या डायलवरचा आकडा, दोन्ही रूमचा, निळ्या बॉलपेनने. रजिस्टरचं पुठ्ठ्याचं कव्हर गारव्याने मऊ पडलेलं, काही पानांवर ओल्या बोटांचे ठसे, आणि एका ठिकाणी समासात बारीक अक्षरात, लाईट गेली ३.१० ते ३.३५, जनरेटर लावला. मी तीन दिवस बसून ते आकडे भरले. दोन रूम, दिवसाला बारा नोंदी, दहा दिवस, म्हणजे २४० आकडे, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहिलं की हे हाताने लिहिलेल्या रजिस्टरमधून घेतलंय. मालकांनी मेलमध्ये काय घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडले. रेकॉर्ड मान्य झालं.

त्या रात्री सरांना फोन केला. मला वाटलं रागावतील. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, चूक माझी आहे. कंपनीचं काम मी माझ्या नावावर ठेवायलाच नको होतं."

हे वाक्य मला त्या दिवशी समजलं नाही. समजायला पुढचे सहा-सात महिने लागले, आणि जे काही लिनक्स मला आज येतं ते त्या वाक्याच्या मागेमागे जाऊनच आलं.

सर बुधवारी बाजाराला नाशकात यायचे, त्यांची मुलगी पंचवटीत राहते. सीझन संपला, मी बुधवारी अर्धा दिवस मागून घेतला, आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्यांच्या मुलीच्या घरी लॅपटॉप घेऊन जायला लागले. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या खोट्या मशीनमध्ये, उबुंटू, म्हणजे काही मोडलं तर मोडू दे. सरांनी पहिल्या दिवशी कमांड शिकवली नाही, एक फाइल उघडून दाखवली. इटीसी फोल्डरमधली पासवर्ड नावाची फाइल, तिचं स्पेलिंग तोडलेलं असतं, पी ए एस एस डब्ल्यू डी. नाव पासवर्डचं, पण पासवर्ड त्यात नसतो. प्रत्येक खात्याची एक ओळ, ओळीत कोलनने पाडलेले सात रकाने. आधी नाव, मग पासवर्डच्या जागी नुसता एक्स, कारण खऱ्या पासवर्डचा हॅश, म्हणजे उलटा वाचता न येणारा ठसा, शॅडो नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि ती सगळ्यांना वाचता येत नाही. मग यूजरचा नंबर, ग्रुपचा नंबर, माणसाची माहिती, होम फोल्डर, आणि सगळ्यात शेवटी लॉगिन झाल्यावर कुठला शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, सुरू करायचा ते.

सर म्हणाले, मशीनला नावाशी देणंघेणं नाही, ती नंबर ओळखते. रूट म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, त्याचा नंबर शून्य. उबुंटूवर आपण बनवलेली माणसं १००० पासून पुढे. फाइल कुणाची आहे हे डिस्कवर लिहिलेलं असतं ते नंबरानेच, आणि आपल्याला नाव दिसतं ते त्या फाइलीत बघून लावलेलं असतं.

मग मी त्यांना ऑफिसमधली एक गोष्ट सांगितली जी मला तोपर्यंत उलगडली नव्हती. सरांचं खातं काढल्यावर शेअर्ड फोल्डरमधल्या त्यांच्या जुन्या फाइलींवर, फाइल कुणाची ते लिहिलेलं असतं त्या जागी, सरांचं नाव जाऊन १००१ असा आकडा दिसायला लागला होता. आणि महिनाभराने डिस्पॅचला नवीन मुलगा लागला, त्याचं खातं मी अ‍ॅडयूजरने बनवलं, तर त्या सगळ्या फाइली त्याच्या नावावर! अ‍ॅडयूजर पहिला रिकामा नंबर शोधतो, १००१ रिकामा झालेला होता, तो त्या मुलाला मिळाला, आणि नंबराबरोबर सरांनी नऊ वर्षांत ठेवलेलं सगळं त्याचं झालं. त्या पोराला याचा पत्ताही नव्हता.

सर शेतकऱ्याच्या घरातले, त्यांनी लगेच सातबारा काढला, म्हणजे बोलण्यात. म्हणाले, माणूस गेला तरी जमीन कुठे जात नाही, गट नंबर तोच राहतो. वारस नोंद करायची असते. तू नाव कमी केलंस पण वारस लावले नाहीस, मग रिकाम्या जागेवर जो पहिला आला त्याचं नाव लागलं. आमच्याकडे आजोबांच्या नावावरची अर्धा एकर जमीन अशीच लटकलेली आहे, तलाठ्याकडे खेटे घालून वडील दमले, त्यामुळे मला हे जे काही समजलं ते डोक्यात कायमचं बसलं. आता कुणी सोडून गेलं तर मी आधी खातं एक्स्पायर करते, काढत नाही. नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही, कारण एसएसएचची, म्हणजे लांबून लॉगिन करायची, चावी असेल तर माणूस पासवर्डशिवाय आत येऊ शकतो, खात्याचीच मुदत संपवावी लागते. मग फाइंड कमांडने त्या नंबरच्या सगळ्या फाइली शोधायच्या, कुणाकडे जायच्या ते विचारून चाउनने त्यांच्या नावावर करायच्या. मग क्रॉनटॅब उघडून बघायचा, एकेक ओळ वाचायची, कागदावर उतरवायची. हे सगळं झालं की शेवटी खातं काढायचं, आणि खरं सांगायचं तर मी शक्यतो काढतच नाही, बंद ठेवते, म्हणजे नंबर अडकून राहतो आणि दुसऱ्या कुणाला चुकून जात नाही.

ग्रुपचं एक सांगते, कारण यात भलेभले अडकतात. एखाद्याला नवीन ग्रुपमध्ये घालायचं तर यूजरमॉड या कमांडला मायनस कॅपिटल जी देतात, पण त्याच्या आधी छोटा ए पाहिजे. ए म्हणजे अपेंड, आहे त्यात भर घाल. तो ए राहिला तर माणूस नव्या ग्रुपमध्ये जातो आणि बाकी सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो. सुडो ग्रुपमधूनसुद्धा. सरांनी मला हे मुद्दाम माझ्याच खात्यावर करायला लावलं, व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि मग परत लॉगिन करून सुडो मार म्हणाले. नाही म्हणून उत्तर आलं. पोटात गोळा आला, मशीन खोटी होती तरी.

स्क्रिप्टकडे आलो तेव्हा पावसाळा लागला होता. सरांची जुनी स्क्रिप्ट तर गेलीच होती, त्यांनाही ती जशीच्या तशी आठवत नव्हती, म्हणाले बरं झालं, तू तुझी लिही. पहिली ओळ हॅशचं चिन्ह, उद्गारचिन्ह, मग बॅशचा पत्ता, बॅश म्हणजे आम्ही वापरतो तो शेल. मग व्हेरिएबल, म्हणजे आकडा किंवा मजकूर धरून ठेवणारं नाव, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही, सोडली की शेल व्हेरिएबलचं नावच कमांड समजून शोधत बसतो. फाइलच्या नावात स्पेस असू शकते म्हणून व्हेरिएबल कायम डबल कोटमध्ये. या सवयी आठवड्याभरात लागल्या.

पण मला तापमान चढलं तर मेसेजही पाहिजे होता आणि तिथे मी दोन बुधवार अडकले. लॉगरचा आकडा असतो १.८, ०.६ असा. मी साधं लिहिलं, तापमान दीडपेक्षा जास्त असेल तर मेसेज पाठव, मायनस जीटी लावून. एरर आली की इथे पूर्णांक अपेक्षित आहे. बॅशला दशांश कळत नाही! त्याला आठ कळतं, दोन कळतं, एक पॉइंट आठ कळत नाही. मला हे फार विचित्र वाटलं, एवढी जुनी, एवढी वापरातली गोष्ट, १९८९ साली ब्रायन फॉक्सने लिहिलेला शेल, आणि दीड कळू नये? सर म्हणाले शेल हिशोब करायला नाहीच, तो दुसऱ्यांकडून कामं करून घ्यायला आहे, मुकादमासारखा. हिशोबाला ऑक आहे, बीसी आहे, त्यांना सांग. मग मी आकडा ऑककडे दिला, त्याने तुलना करून शून्य नाहीतर एक परत दिलं, आणि शेलने त्यावरून पुढचं काम केलं. शेलकडून सगळं करून घ्यायचा हट्ट सोडला आणि माझ्या स्क्रिप्टा निम्म्या झाल्या.

मेसेज कधी पाठवायचा यावर आमचं खूप बोलणं झालं. मी एकच मर्यादा ठेवली होती, दीड. दरवाजा दोन मिनिटं उघडा राहिला तरी मेसेज, मग दिवसाला तीस मेसेज, मग कुणी वाचतच नाही. त्या दिवशी पाऊस थांबला होता, सर म्हणाले चल, आणि मला चालत गोदाघाटावर घेऊन गेले, दुतोंड्या मारुतीसमोर. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गढूळ पाणी मारुतीच्या पायाशी होतं. नाशिककराला हे सांगायला लागत नाही, इथे पुराची चौकशी क्युसेकमध्ये कुणी करत नाही, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय एवढंच विचारतात. गुडघ्याला लागलं की दुकानदार माल वर घ्यायची तयारी करतात, कमरेला आलं की खरंच घेतात, आणि गळ्याशी आलं की सराफ बाजारात धावपळ सुरू होते. सर म्हणाले, तुझ्या स्क्रिप्टला गुडघा, कंबर आणि गळा दे. मी तसंच केलं, व्हेरिएबलची नावंसुद्धा तीच ठेवली. दीडच्या वर गेलं तर नुसती लॉगमध्ये नोंद, अर्धा तास दीडच्या वर राहिलं तर मामांना मेसेज, तीनच्या वर गेलं तर मामा, मी आणि मालक तिघांना फोन. आता महिन्यातून दोनदा मेसेज येतो आणि आला की मामा उठतात.

क्रॉनला, म्हणजे क्रॉनटॅब वाचून वेळेवर कामं उठवणाऱ्या प्रोग्रामला, आम्ही सगळ्यात शेवटी हात घातला, मी मुद्दामच लांबवत होते. हे नाव ग्रीकमधल्या काळ या अर्थाच्या शब्दावरून पडलंय असं म्हणतात, आणि आज बहुतेक लिनक्सवर चालतं ते पॉल व्हिक्सीने १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनच्याच वंशातलं. ओळ एवढीशी, मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार, आणि मग काय चालवायचं ते. दहा, दोन, आणि तीन चांदण्या, म्हणजे रोज रात्री दोन दहाला. रविवार शून्यही आणि सातही. तारीख आणि वार दोन्ही भरले तर दोन्ही जुळायची वाट बघत नाही, दोन्हीतलं एक जुळलं तरी चालवतो. वर्षाचा रकाना नाहीच. मी सरांना विचारलं की मग सिंहस्थ कसा लिहायचा, २००३ झाला, २०१५ झाला, आता २०२७, बारा वर्षांनी एकदा उठायचं असेल तर? ते हसले आणि म्हणाले ते क्रॉनचं काम नाही, ते गुरू ग्रहाचं.

मी ओळ लिहिली, आणि चाललं नाही. हाताने चालवलं तर स्क्रिप्ट उत्तम, क्रॉनमधून काहीच नाही. सिस्टीमचा लॉग उघडला तर तिथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा, एमटीए बसवलेला नाही, आउटपुट टाकून देत आहे. म्हणजे क्रॉन माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत होता, काय चुकतंय ते मेल करत होता, मेल न्यायला मशीनवर कुणी नव्हतं म्हणून ते टाकून दिलं जात होतं. मला ते सतरा दिवस आठवले. सगळा आउटपुट आणि एरर एका फाइलमध्ये वळवला तेव्हा दोन चुका बाहेर आल्या. एक, क्रॉन माझा नेहमीचा पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, घेऊन येत नाही, त्याला दोन-चार फोल्डरच माहीत असतात, त्यामुळे माझी यूएसआर लोकलमधली कमांड त्याला सापडत नव्हती, पूर्ण पत्ता द्यायला लागला. दुसरी, तारखेसाठी मी त्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं, आणि क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे ओळ संपली, त्याच्या पुढचं सगळं तो कमांडला इनपुट म्हणून देतो. टक्क्याआधी बॅकस्लॅश लावायचा, नाहीतर तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत करायचं. मी आत केलं.

आणि मशीनच बंद असेल त्या वेळेला तर क्रॉन नंतर उठून भरपाई करत नाही, गेलेली वेळ गेली. म्हणून सकाळी नऊला दुसरी छोटी स्क्रिप्ट बघते की कालची फाइल आहे का आणि रिकामी तर नाही ना. नसेल तर मला मेसेज. ही सहा ओळींची स्क्रिप्ट मी आजवर लिहिलेल्या सगळ्यांत मला जास्त प्रिय आहे, कारण जे झालं नाही त्याची ती खबर देते.

मग सरांच्या त्या वाक्याचा अर्थ करून दाखवायची वेळ आली. आम्ही एक सिस्टीम खातं बनवलं, नाव कोल्डरूम. त्याला पासवर्ड नाही, शेलच्या जागी नोलॉगिन, म्हणजे त्या नावाने कुणी आत येऊ शकत नाही. स्क्रिप्टा कुणाच्या होममध्ये न ठेवता ऑप्ट नावाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या, मालकी रूटची, वाचायची आणि चालवायची मुभा कोल्डरूमला, बाकी कुणाला काही नाही, लिनक्समध्ये या परवानगीचा आकडा ७५०. क्रॉनची ओळ इटीसीतल्या क्रॉन-डॉट-डीमध्ये फाइल करून टाकली, तिथे पाच रकान्यांनंतर कुठल्या यूजरच्या नावाने चालवायचं तेही लिहितात, तिथे कोल्डरूम लिहिलं. वर मराठीत चार ओळी कॉमेंट, हे काय आहे, का आहे, बंद पडलं तर काय जाईल. सरांनी ती कॉमेंट दोनदा वाचली, एक काना राहिला होता तो घालायला लावला.

या डिसेंबरमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी सर पॅकहाऊसवर आले होते, सहज. मामांनी चहा आणला. मी सरांना सगळं दाखवलं, लॉग दाखवला, सकाळच्या नऊची स्क्रिप्ट दाखवली. ते माझ्याच लॉगिनवर बसले होते, त्यांनी काही न बोलता क्रॉनटॅब मायनस एल, म्हणजे या खात्याचा क्रॉनटॅब दाखव, असं टाइप केलं आणि एंटर मारलं. उत्तर आलं, या यूजरचा क्रॉनटॅब नाही.

सर खुर्ची मागे सरकवून उठले, चहाचा कप घेतला आणि मामांना म्हणाले, "रजिस्टर कुठंय? बघू तरी." मामांनी नवीन रजिस्टर आणलं, शेवटची नोंद दुपारी दोनची होती. घड्याळात चार वाजत आले होते, मामा पेन शोधत कोल्ड रूमकडे गेले.